खाद्यव्यवसायाची इमारत : आधी नकाशा, मग पाया

वर्धा जिल्ह्यात आपल्या समाजातील बरेच लोक खाण्यापिण्याच्या धंद्यात आहेत. कोणाची बेकरी आहे, कोणाचे मटणाचे किंवा चिकनचे दुकान, कोणाचे बिर्याणीचे हॉटेल, तर कोणाची मसाला व हळद दळण्याची गिरणी. या धंद्यांत नव्याने जागा बांधताना सर्वांत मोठी रक्कम विटा, सिमेंट आणि फरशीत जाते. कणीक मळण्याचे यंत्र नको झाले तर विकता येते, फ्रीज विकता येतो. चुकीच्या जागी बांधलेली भिंत मात्र विकता येत नाही, ती पाडावी लागते, आणि पाडण्याची मजुरीही आपणच द्यायची असते. म्हणून परवान्याचा विचार दुकानाच्या उद्घाटनाच्या आठवड्यात न करता पाया खणण्याच्या आधी करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रश्न नेहमी असा विचारला जातो की, "आरोग्य खात्याकडून नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो काय?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण प्रश्नातच दोन गैरसमज आहेत. एक खात्याबद्दल आणि दुसरा मंजुरीबद्दल.

कोणते खाते?

जुन्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात अजून नगर परिषदेचा आरोग्य विभाग आहे. त्यात त्यांची चूक नाही. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळात स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचा या कामाशी निकटचा संबंध होता. पुढे संसदेने २००६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके कायदा केला, आणि त्याचे नियम व विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. तेव्हापासून खाद्यपदार्थाचा परवाना महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. जिल्ह्यात सहायक आयुक्त (अन्न) यांचे कार्यालय हे काम पाहते व पाहणीला अन्न सुरक्षा अधिकारी येतात. अर्ज मात्र कागदावर नाही, फॉस्कॉस नावाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. ही पद्धत २०२० पासूनची आहे.

नगर परिषदेचा संबंध संपला असे नाही. बांधकामाची परवानगी तिचीच, आणि गटार, कचरा, मांसविक्री यांसाठीचे ना हरकत प्रमाणपत्रही तिचेच. जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी रेल्वे येथे नगर परिषदा आहेत. सेलू, समुद्रपूर, कारंजा व आष्टी येथे नगर पंचायती आहेत. बाकी गावांत ग्रामपंचायत. येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), सिंदी (मेघे) यांसारख्या वस्त्या वर्धा शहराला इतक्या चिकटल्या आहेत की राहणारा स्वतःला शहरातलाच समजतो, आणि ना हरकत प्रमाणपत्रासाठी नगर परिषदेच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो. आपल्या मालमत्ता कराची पावती कोणाच्या नावाने फाटते ते पाहावे. प्रमाणपत्र त्याच कार्यालयाचे लागेल.

मंजुरी आधी मिळते काय?

अमेरिकेत अनेक ठिकाणी उपाहारगृह बांधण्यापूर्वी स्थानिक आरोग्य खात्याला नकाशे सादर करावे लागतात. खाते ते तपासते, दुरुस्त्या सुचवते, लेखी मंजुरी देते, आणि त्यानंतर बांधकाम सुरू होते. आपल्याकडे लहान व मध्यम खाद्यव्यवसायासाठी अशी स्वतंत्र पायरी नाही. पदार्थ तयार करणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला परवान्याच्या अर्जासोबत जागेचा नकाशा जोडावा लागतो. त्यात मापे मीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि कोणत्या भागात कोणते काम चालणार ते दाखवायचे असते. नकाशा आणि इमारत अशी दोन्ही अधिकारी एकदमच पाहतात. तोपर्यंत इमारत उभी राहिलेली असते.

वरवर पाहता ही सवलत वाटते, एक खेप वाचली असे वाटते. माझ्या मते लहान माणसाचे नुकसान येथेच होते. अमेरिकेतल्या दुकानदाराला चूक कागदावर कळते आणि तो ती खोडरबराने पुसतो. आपल्या माणसाला ती चूक भिंतीत कळते. म्हणून जे काम तिकडे खाते करते ते येथे आपणच करायचे. नकाशा काढायचा, तो नियमांशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहायचा, आणि मगच मिस्त्रीला बोलवायचे. हे नियम २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या अनुसूची ४ मध्ये आहेत. कार्यालयात सगळे तिला शेड्यूल फोर म्हणतात. तिचा पहिला भाग नोंदणीवाल्या लहान धंद्यांसाठी, दुसरा सर्व परवानाधारकांसाठी, तिसरा दुधासाठी, चौथा मांसासाठी आणि पाचवा हॉटेल व खानावळीसाठी आहे.

नोंदणी घ्यायची की परवाना हे उलाढालीवर ठरते. २०११ च्या मूळ विनियमांत वर्षाला १२ लाख रुपयांच्या आत नोंदणी आणि त्यावर परवाना अशी सीमा ठेवली होती. सीमा व शुल्क शासन वेळोवेळी बदलते, म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय भरले ते न विचारता अर्जाच्या दिवशी संकेतस्थळ जो आकडा दाखवील तोच धरावा. नोंदणीवाल्याकडे नकाशा मागत नाहीत हे खरे, पण पाहणी त्याचीही होऊ शकते आणि अनुसूचीचा पहिला भाग त्यालाही लागू असतो. शिवाय धंदा वाढावा म्हणूनच आपण बांधतो. आज नोंदणीत बसणारा उद्या परवान्यात जाईल, तेव्हा भिंती हलवाव्या लागू नयेत.

एका बेकरीचा नकाशा

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा रस्त्याला लागून ६ मीटर रुंद व १२ मीटर खोल, म्हणजे ७२ चौरस मीटरची जागा आहे आणि एका बाजूने मागे जाणारा अरुंद बोळ आहे. पाव, टोस्ट, खारी आणि नानखटाई करायची आहे. पुढे काउंटर हवे हे उघड आहे. बहुतेक मिस्त्री तेवढे ठरवून बाकीचे "नंतर पाहू" म्हणतात.

नियमाचा गाभा असा की कच्चा माल आणि तयार माल यांची वाट एकमेकांना छेदता कामा नये. म्हणून माल मागून येईल आणि पुढून जाईल असे ठरवू. अगदी मागे मैदा, साखर व तुपाचे कोठार, खोली २.५ मीटर, म्हणजे १५ चौरस मीटर. त्याच्या पुढे मळणी व आकार देण्याची जागा, ३ मीटर, १८ चौरस मीटर. त्यापुढे भट्टी, २.५ मीटर, १५ चौरस मीटर. मग थंड करणे व बांधणी, २ मीटर, १२ चौरस मीटर. शेवटी रस्त्याकडे काउंटर, २ मीटर, १२ चौरस मीटर. बेरीज ७२ येते. मैद्याचे पोते बोळातून मागच्या दाराने येते, आणि पाव पुढच्या दाराने जातो. ग्राहक मळणीपर्यंत पोहोचत नाही आणि हमाल तयार पावाजवळून जात नाही. हाच नकाशा मापांसह अर्जाला जोडता येतो. सोबत यंत्रांची यादी, त्यांची क्षमता व अश्वशक्ती द्यावी लागते, तेव्हा यंत्रांच्या जागाही यातच आखून ठेवाव्यात.

आता सांडपाणी. अनुसूचीत स्पष्ट आहे की सांडपाणी मालाच्या वाटेच्या उलट दिशेने वाहिले पाहिजे. आपला माल मागून पुढे जातो, म्हणजे पाणी पुढून मागे गेले पाहिजे. पण गावचे गटार असते रस्त्याच्या कडेला. मिस्त्री सवयीने फरशीचा उतार रस्त्याकडे देतो, आणि मळणीच्या जागेचे धुणे बांधणीच्या टेबलाखालून, काउंटरखालून वाहत गटारात जाते. ही एक चूक मी जितक्या ठिकाणी पाहिली तितकी दुसरी कोणतीही पाहिली नाही.

यावर उपाय आहे, परंतु तो पायाच्या वेळीच करता येतो. फरशीचा उतार मागे द्यायचा, मागे जाळीची मोरी करायची, आणि तेथून बंद पाइप बोळातून रस्त्याच्या गटारापर्यंत आणायचा. हिशेब करा. मांसाच्या दुकानासाठी नियमाने दर ३ मीटरला ५ सेंटिमीटर उतार सांगितला आहे. बेकरीत तोच धरला तर १२ मीटरला २० सेंटिमीटर होतो. परत येणाऱ्या १२ मीटर पाइपालाही साधारण तेवढाच उतार हवा, म्हणजे आणखी २० सेंटिमीटर. एकूण ४० सेंटिमीटर झाले. काउंटरची फरशी गटाराच्या पातळीपेक्षा निदान दीड फूट उंच असल्याशिवाय हे पाणी जाणार नाही. जोत्याची उंची एकदा ठरली की ठरली. नंतर वाढवायची तर कोबा चढवावा लागतो, आणि मग चौकटीत डोके आपटते.

फरशी व भिंतीबाबत नियम सोपा आहे : पाणी शोषू नये, भेग पडू नये, धुता यावी. शहाबादी फरशी आपल्याकडे स्वस्त पडते, पण तिचे सांधे दोन पावसाळ्यांत उघडतात आणि त्यात कणीक बसते. मळणीच्या जागेत तरी चकचकीत नसलेल्या, न घसरणाऱ्या टाइल्स घालाव्यात आणि भिंतीला खालून पाच फूट गुळगुळीत टाइल्स लावाव्यात. भिंत व फरशी जेथे मिळते तो कोपरा गोलसर करून घेतला तर झाडू पोहोचतो.

खिडक्यांना जाळी सांगितली आहे, आणि दारांना आपोआप मिटणारी स्प्रिंग. वर्ध्याचा मे महिना ज्याने भट्टीसमोर काढला आहे तो म्हणेल की दार मिटले तर माणूस आत शिजेल. म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच वारा येण्याची सोय बांधतानाच करावी : समोरासमोर मोठ्या खिडक्या, छताजवळ गरम हवा जाण्याची वाट आणि बाहेर फेकणारा पंखा. जाळी धुण्यासाठी काढता आली पाहिजे असेही नियमातच आहे. खिळ्यांनी ठोकलेली जाळी तीन महिन्यांत मैदा आणि धुराने बुजते, वारा बंद होतो, आणि कारागीर दाराला वीट लावून ठेवतो. वीट लावलेले दार अधिकाऱ्याला प्रथम दिसते.

भट्टीबद्दल थोडे. लाकडाची भट्टी बांधायची असेल तर लाकूड आत येणे आणि राख बाहेर जाणे हीही एक वाट आहे, आणि ती मळणीच्या टेबलाजवळून जाता कामा नये. जळण टाकण्याचे तोंड वेगळे ठेवता येत असेल तर ते बोळाकडे काढावे. पण नवी बांधणी करणाऱ्याने लाकडाचा विचार दोनदा करावा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. तो आदेश मुंबईच्या हवेपुरता होता, वर्ध्याला लागू नाही. तरी धुराची तक्रार शेजारी करतातच, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्नही इंधनावर अवलंबून असतो. निदान गॅसच्या टाक्यांसाठी बाहेरच्या अंगाला हवेशीर जागा आणि विजेच्या वाढीव भारासाठी तार आजच राखून ठेवावी.

कारागिरांची सोय नकाशात बहुधा नसतेच. परगावचे कारागीर रात्रपाळी करून तेथेच झोपतात, आणि पहाटे आलेल्या अधिकाऱ्याला मळणीच्या टेबलावर गादी दिसते. झोपण्याची खोली वेगळी बांधावी, मग ती लहान का असेना. संडास-मोरी इमारतीपासून नीट वेगळी असावी आणि तिचे दार कोठारात किंवा मळणीत उघडू नये. हात धुण्याचे बेसिन कारागीर ज्या दाराने आत येतो त्या दाराशी असावे. आपल्या लोकांना वजूची सवय आहे. पाण्याची तोटी जवळ असली की हात धुण्यासाठी कोणाला सांगावे लागत नाही. तोटी तीस पावले दूर असली की सांगूनही उपयोग होत नाही.

पाणी

पदार्थात जे पाणी जाणार त्याचा रासायनिक व जिवाणू तपासणीचा अहवाल मान्यताप्राप्त किंवा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेचा लागतो. बोअरचे पाणी वापरायचे असेल तर बोअर घेताच तपासून घ्यावे. संडासाच्या शोषखड्ड्याजवळ बोअर घेतली आणि अहवालात जंतू आले, तर नकाशातल्या दोन्ही गोष्टी चुकल्या आणि दोन्ही जमिनीत गाडलेल्या आहेत. नमुना घेण्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. घरच्या बाटलीतील नमुन्याचा जिवाणू अहवाल विश्वासाचा नसतो.

मांसाची दुकाने

मटण-चिकनच्या दुकानाला जागा निवडतानाच सावध राहावे लागते. अनुसूचीच्या चौथ्या भागानुसार दुकान कोणत्याही प्रार्थनास्थळापासून निदान ५० मीटर दूर हवे, आणि प्रवेशद्वारासमोरच येत असेल तर १०० मीटर. "कोणत्याही" या शब्दाकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे मशिदीच्या उत्पन्नासाठी बांधलेले गाळे असतात व ते सोयीचे म्हणून मांसविक्रीला घेतले जातात. मशीद हेही प्रार्थनास्थळच आहे. तो गाळा किराण्याला, मसाल्याला चालेल. मांसाला घेऊन वर फरशी-टाइल्सचा खर्च करू नये.

दुकानाची उंची निदान ३ मीटर, वातानुकूलित असेल तर अडीच. भिंतीला पाच फुटांपर्यंत न शोषणारा थर, एक पंखा व एक बाहेर हवा फेकणारा पंखा, बाहेर कोणते मांस विकले जाते त्याची पाटी. दुकानाच्या आत कापणी करण्यास पूर्ण मनाई आहे. टांगलेल्या मांसावर ओले फडके टाकण्याची आपली जुनी पद्धतही नियमाला मंजूर नाही. तो ओलावा थंड वाटतो, पण जंतूंना तोच मानवतो. फडक्याची जागा काचेच्या कपाटाने आणि थंड पेटीने घ्यावी, आणि त्या पेटीची जागा व वीज नकाशात आधी यावी.

हलाल म्हटले की आपले लक्ष कापणीकडे जाते. कुरआनमध्ये हलालबरोबर तय्यब हा शब्द जोडून आला आहे, आणि तय्यब म्हणजे चांगले व स्वच्छ. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या पैगंबरांचा (स.) प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येऊन हात घालतो तो याच ढिगात.

कागद

भाड्याची जागा असेल तर करारनामा लागतो. तोंडी भाडे आपल्या समाजात फार चालते, विशेषतः मशीद किंवा दर्ग्याच्या गाळ्यांत, आणि परवान्याच्या वेळी कोणाच्याच हाती कागद नसतो. वक्फची जागा असेल तर व्यवस्थापन समितीचा लेखी करार आणि बांधकामात बदल करण्याची लेखी संमती आधीच घ्यावी. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, आणि अन्नाच्या जबाबदारीसाठी नेमलेल्या व्यक्तीचे नामनिर्देशन. भावा-भावांचा धंदा असला तरी हे लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तोंडी सगळे बोलतात. दुकान आपले असले की कधी धुराची, कधी वासाची, कधी नुसत्या नावाची तक्रार होते. अशा वेळी मोठ्याने वाद घालून काही हाती लागत नाही. मापांसह नकाशा, पाण्याचा अहवाल, ना हरकत प्रमाणपत्र आणि परवाना एका फाइलमध्ये दुकानातच असले, तर येणारा अधिकारी कोणीही असो, बोलणे त्या कागदांवर होते.

मुदती

कायद्याच्या कलम ३१ मध्ये असे आहे की अर्ज केल्यापासून दोन महिन्यांत परवाना दिला नाही किंवा अर्ज फेटाळलाही नाही, तर ती मुदत संपल्यावर अर्जदार व्यवसाय सुरू करू शकतो. मात्र अर्ज अपुरा असून खुलासा मागितला असेल आणि आपण संकेतस्थळ उघडूनच पाहिले नसेल, तर हा आधार मिळत नाही. अर्ज एखाद्या सेवा केंद्रातून भरला असला तरी खात्याचे संदेश आपल्याच मोबाइलवर येतील असा क्रमांक द्यावा. दलालाचा क्रमांक टाकला की खुलाशाची मुदत दलालाच्या खिशात संपते.

पाहणीत त्रुटी निघाल्या तर कलम ३२ प्रमाणे सुधारणा नोटीस मिळते. तीत काय चुकले, काय करायचे आणि किती दिवसांत हे लिहिलेले असावे लागते, आणि ती मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. तोंडी "बंद करा" म्हटले तर नम्रपणे नोटीस लेखी मागावी. नोटिशीतील मागणी चुकीची वाटली तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते, त्यासाठी १५ दिवस किंवा नोटिशीत दिलेली मुदत, यांपैकी जी आधी संपेल तेवढाच वेळ असतो. जाळी, पंखा, टाइल्स ही कामे १४ दिवसांत होतात. जोत्याची उंची वाढवणे किंवा संडास हलवणे होत नाही.